कडे, झाडी आणि समुद्र एकाच ठिकाणी असूनही पक्षी का दिसत नाहीत?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला नीट कळलाय की नाही ते तुम्हालाही कळेल. तुम्ही समुद्रकाठच्या एका नेचर पार्कला गेलात, वर दाट झाडी, पुढे उंच कडे, खाली खडकाळ किनारा. सकाळी दहाला पोचलात, तीनपर्यंत फिरलात, आणि घारी, कावळे, सीगल, बुलबुल सगळं धरून यादी अकरावर थांबली. त्याच जागेच्या लोकांच्या याद्या साठ-साठ जातींच्या आहेत. म्हणून तुम्ही विचारताय की ८×४० ची दुर्बीण (आठ पट मोठं दाखवणारी, पुढचं भिंग ४० मिलिमीटरचं) बदलून दहाची घेऊ का, आणि नेमकं कुठल्या पॉइंटवर उभं राहू.

दुर्बिणीचं आधी उरकते. बदलू नका. ८×४० मधून डोळ्यात उतरणारा प्रकाशाचा गोल ५ मिलिमीटरचा असतो (४० भागिले ८), १०×४० मध्ये तोच ४ वर येतो, आणि पहाटेच्या झाडीत तेवढ्या फरकाने पिसांचा रंग कळतो किंवा नुसती काळी सावली दिसते. शिवाय कड्यावर वारा असतो, त्यात दहाची दुर्बीण जास्त थरथरते आणि तिच्यात एका वेळी दिसणारा भागही बहुतेक वेळा कमी असतो, म्हणजे झुडपात उड्या मारणारा पक्षी तुम्हाला सापडेपर्यंत तो पुढच्या झुडपात. खर्च करायचाच असेल तर पुढेमागे ट्रायपॉडवरचा एक स्कोप (एका डोळ्याने बघायची जास्त ताकदीची दुर्बीण) घ्या, समुद्राकडे बघायला त्याचा खरा उपयोग होतो.

आता मुख्य गोष्ट. माझ्या मते तुमची जागा चुकली नाही, वेळेचा क्रम चुकला. आपण अशा पार्कला एक जागा समजतो पण पक्ष्यांच्या हिशेबाने त्या तीन जागा आहेत आणि तिघींचं घड्याळ वेगळं. झाडी सूर्यावर चालते, खालचा किनारा भरती-ओहोटीवर चालतो, आणि कडा वाऱ्यावर. तुम्ही दहाला पोचलात तेव्हा झाडीची वेळ होऊन गेली होती, भरती कधी होती ते बहुतेक बघितलं नसणार (प्रश्नात काहीच लिहिलेलं नाही म्हणून धरून चालते), आणि वारा कुठून होता तेही नाही. त्यामुळे पाच तास चालूनसुद्धा तुम्ही बहुतेक सगळीकडे अवेळी पोचलात.

यातलं बरंच काही परिस्थितीवर आहे हेही सांगून टाकते. तुमचं पार्क थंड प्रदेशात आहे की उष्ण, महिना कुठला, किनाऱ्याचं तोंड कुठे, यावर उत्तर बदलतं. भूमध्य समुद्र किंवा बाल्टिकच्या काठी असाल तर भरती-ओहोटीचा फरक इतका थोडा असतो की तो मुद्दा जवळजवळ सोडून द्या. काही किनाऱ्यांवर दिवसातून एकच भरती येते. त्यामुळे मी खाली जे लिहितेय त्यातली कारणं लक्षात ठेवा, वेळा तुमच्या जागेप्रमाणे बसवून घ्या.

मी स्वतः बावीस वर्षं असे किनारे फिरतेय आणि निघायच्या आदल्या रात्री तीनच गोष्टी बघते. सूर्य कुठून उगवणार, भरती किती वाजता, वारा समुद्राकडून की जमिनीकडून. पाच मिनिटांचं काम आहे, पण दिवसाचा सगळा आराखडा यातूनच निघतो.

पहिली गोष्ट दिशा. किनारा पूर्वेकडे तोंड करून असेल तर सकाळी समुद्राकडे बघणं फुकट आहे, पाण्यावर चकाकी, डोळ्यात सूर्य, आणि प्रत्येक पक्षी नुसता काळा आकार. अशा ठिकाणी सकाळ झाडीला द्यायची आणि समुद्र दुपारनंतर बघायचा, तेव्हा सूर्य पाठीमागे येतो आणि लांबच्या सुरय पक्ष्याची चोच पिवळी की लाल हेसुद्धा कळतं. फक्त एक आहे, पूर्वेकडच्या कड्याच्या भिंतीवर पहिलं ऊन सकाळीच पडतं, म्हणून सूर्योदयानंतर पंधरा-वीस मिनिटं बाजूच्या टोकावरून ती भिंत बघून घ्यायची आणि मग झाडीत शिरायचं. किनारा पश्चिमेकडे असेल तर जरा पंचाईत होते, कारण समुद्र आणि झाडी दोन्हींना सकाळच चांगली. तिथे मग भरती ठरवते.

झाडीबद्दल थोडक्यात लिहिते कारण तुम्ही बुलबुल ओळखताय म्हणजे झाडीतलं बर्डिंग तुम्हाला अगदीच नवीन नसावं. उजाडल्यापासूनचे पहिले दोन तास, बस. त्यात पण आत खोल जायची घाई करू नका, ज्या कडेवर पहिलं ऊन पडतं तिथे थांबा, कारण उन्हाने किडे तिथे आधी हलायला लागतात आणि पक्षी किड्यांच्या मागे येतात. बसायला एक जागा बघा आणि वीस मिनिटं खरोखर बसा. आपण चालत राहतो तेव्हा आपल्या पुढे शांतता सरकत असते, आपण थांबलो की दहा-बारा मिनिटांनी आवाज परत सुरू होतात. थवा आला तर पहिला पक्षी ओळखण्यातच अडकू नका, किडे खाणाऱ्या लहान पक्ष्यांचे थवे बऱ्याचदा मिश्र असतात, एका झाडावरून पाच-सहा जाती दोन मिनिटांत सरकून जातात, म्हणून आधी सगळ्यांवर नजर फिरवायची. पक्षी ओळखायच्या ॲपचा आवाज ओळखणारा भाग इथे वापरा हवं तर, पण सूचना म्हणूनच. पक्षी डोळ्यांनी दिसला किंवा आवाज तुम्हाला स्वतःला पटला तरच यादीत घाला. कड्यावर तर ते ॲप फारसं कामाचंच नाही, लाटा आणि वारा बाकी सगळं झाकून टाकतात.

आता त्या जागेबद्दल जिच्या बाजूने तुम्ही बहुतेक सरळ निघून गेलात. झाडी संपते आणि कडा सुरू होतो त्याच्या मधे एक पट्टा असतो, वाऱ्याने खुरटलेली कंबरभर झुडपं, थोडं गवत, मधे मधे उघडा दगड. लोक व्ह्यू बघायच्या ओढीने तो पट्टा पाच मिनिटांत पार करतात. मला मात्र कोणी सांगितलं की पार्कमध्ये एकच तास मिळणार आहे, तर स्थलांतराच्या दिवसांत मी तो तास तिथेच घालवेन.

कारण साधं आहे. लहान पक्ष्यांपैकी कितीतरी जाती रात्री स्थलांतर करतात. पहाट झाली आणि खाली पाणीच असेल तर त्यांना दिसेल त्या पहिल्या जमिनीवर, पहिल्या आडोशाला उतरावं लागतं, आणि समुद्राकडून येणाऱ्याला पहिला आडोसा म्हणजे हीच कड्यावरची झुडपं. रात्री पाऊस, धुकं किंवा समोरून वारा असेल तर अजूनच, कारण जे एरवी वरून आत निघून गेले असते तेही खाली येतात. उत्तर समुद्रातल्या हेलगोलँड बेटाला लाल दगडाचे कडे आहेत, झाडोरा थोडासाच, आणि तिथे १९१० पासून पक्षी संशोधन केंद्र आहे. दमून झुडपांत उतरलेल्या पक्ष्यांना पकडून पायात कडी घालायची आणि सोडून द्यायचं, त्यासाठी झुडपांवरच नरसाळ्यासारखा निमुळता होत जाणारा मोठा जाळीचा सापळा बांधायची पद्धत तिथली, आज जगभर त्या सापळ्याला हेलगोलँड ट्रॅपच म्हणतात. म्हणजे कड्यावरची चार झुडपं किती पक्षी ओढतात यावर एक अख्खं शास्त्र उभं राहिलंय.

मी हे पहिल्यांदा बघितलं ते असंच रात्रभर पाऊस पडून पहाटे थांबल्यावर. समुद्र पुरता दिसतही नव्हता, आणि एका खोलीएवढ्या झुडपांत पानागणिक काहीतरी हलत होतं. एक वार्बलर (किडे खाणारा छोटासा पक्षी) माझ्या बुटापासून दोन हातांवर गवतात किडे वेचत होता, पोटाची पिसं ओली होऊन चिकटलेली, मधेच थांबून डोळे मिटायचा आणि परत वेचायला लागायचा. माझ्याकडे त्याचं लक्षच नव्हतं. मी तिथेच खाली बसले आणि अर्धा तास हलले नाही. असा पक्षी जवळ येऊ देतो तो माणसाळलेला असतो म्हणून नाही, त्याच्या अंगात उडायची ताकद उरलेली नसते म्हणून. त्याला मोबाईलवर आवाज वाजवून बाहेर काढणं किंवा फोटोसाठी दोन पावलं पुढे जाणं म्हणजे त्याचं उरलंसुरलं खर्च करायला लावणं. प्लीज करू नका. लांब बसा, तो खात खात स्वतःच जवळ येतो.

या जागेचं महत्त्व शिकारी पक्ष्यांनाही माहीत आहे. भूमध्य समुद्राच्या कड्यांवर एलिओनोराज फाल्कन नावाचा ससाणा राहतो, बाकीचे बहुतेक पक्षी वसंतात पिल्लं काढतात आणि हा मात्र उन्हाळा सरत आल्यावर अंडी घालतो, कारण त्याची पिल्लं खायला मागायला लागतात नेमक्या त्याच वेळी छोटे पक्षी दक्षिणेकडे जायला समुद्र ओलांडत असतात.

मग कडा. इथे सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे कड्याच्या कडेला जाऊन खाली वाकून बघणं. त्यातून काही दिसत नाही, कारण पक्षी बसतात त्या कपारी तुमच्या पायाखाली असतात, आणि धोका मात्र पुरेपूर. गवताची कड वरून पक्की दिसते, खालून पोखरलेली असू शकते. कुंपण किंवा पायवाट सोडायची नाही, आणि दुर्बीण डोळ्याला लावलेली असताना एकही पाऊल टाकायचं नाही, ही सवय मी नवीन माणसाला पहिल्या दहा मिनिटांत लावते. करायचं काय तर किनाऱ्याला जिथे आत वळण आहे तिथे एका टोकावर बसून समोरच्या टोकाची भिंत आडवी बघायची. भिंतीवर पांढरे ओघळ कुठे आहेत ते आधी दुर्बिणीतून शोधायचे, पक्षी नंतर. ओघळ म्हणजे कोणीतरी तिथे रोज बसतं.

माझंच उदाहरण सांगते. एका कड्यावर मी तीन हिवाळे जात होते आणि तिथे बहिरी ससाणा आहे हे मला माहीतच नव्हतं. चौथ्या हिवाळ्यात वाटेवर पारव्याचे दोन पंख पडलेले दिसले, छातीच्या हाडाला जोडलेले तसेच, मधलं मांस साफ, आणि हाडाच्या पातळ कडेला चोचीने पाडलेल्या लहान खाचा. शेजारी उपटलेली पिसं, देठ अख्खे. कुत्रा-कोल्ह्याने खाल्लं असतं तर देठ चावून तुटलेले असते, ससाणा पिसं ओढून उपटतो. म्हणून मी खाली बसून समोरच्या सुळक्यावरचे ओघळ एकेक करून बघत गेले, तर एका ओघळाच्या वर जो राखाडी दगड होता त्याने मान वळवली. गालावर मिशीसारखा काळा पट्टा, रुंद छाती, पंखांची टोकं जवळजवळ शेपटीच्या टोकाला टेकलेली. तीन वर्षं तो माझ्या समोर बसलेला असणार आणि मी समुद्राकडे बघत होते. सूर मारताना याचा वेग ताशी ३०० किलोमीटरच्या वर जातो हे सगळे सांगतात, पण तो दिवसातला बराच वेळ असा दगड होऊन बसलेला असतो, आणि आपल्याला तो सापडतो तो बसलेलाच.

त्याची घरटी मात्र कुठे ते उघड लिहू नका. डीडीटी या कीटकनाशकामुळे याच्या अंड्यांची कवचं पातळ होऊन मादी उबवायला बसली की फुटायची, कितीतरी भागांतून तो संपला होता. अमेरिकेत १९७२ ला डीडीटीवर बंदी आली, आणि तिथल्या धोक्यातल्या जातींच्या यादीतून त्याचं नाव निघायला १९९९ उजाडलं. इतक्या वर्षांनी परत आलेल्या पक्ष्याच्या घरट्यापुढे फोटोवाल्यांची रांग लागावी हे मला सहन होत नाही. तुम्ही थांबलाय तिथे तो डोक्यावर घिरट्या घालून एकसारखा कर्कश ओरडायला लागला तर त्याचा अर्थ एकच, तुम्ही फार जवळ आहात, मागे फिरा. पालक उठले की अंडी उन्हात उघडी पडतात आणि कावळे, सीगल टपलेलेच असतात.

कड्याला वारा लागतो तो असा, की समुद्राकडून येणारा वारा भिंतीवर आदळून वर चढतो आणि घारी, गरुड, सीगल त्या वर चढणाऱ्या हवेवर पंख न हलवता कड्याच्या रेषेने सरकत राहतात, कधी कधी तुमच्या डोळ्यांच्या उंचीवर, पाठ दाखवत. शिकारी पक्ष्यांची पाठ बघायला मिळणं एरवी दुर्मिळ, म्हणून असा वारा असेल तेव्हा इथे दुपारीसुद्धा थांबण्यात अर्थ आहे. वारा जमिनीकडून असेल तर हे सगळं बंद, मग कड्यावर वेळ घालवू नका.

थंड प्रदेशात विणीच्या दिवसांत गेलात तर याच भिंतींवर वेगळंच शहर वसलेलं असतं. गिलेमॉट हा समुद्रपक्षी घरटं बांधतच नाही, उघड्या दगडाच्या अरुंद पट्टीवर एकच अंडं घालतो, एका बाजूला निमुळतं, आणि पिल्लू जेमतेम तीन आठवड्यांचं होतं, नीट उडताही येत नसतं, तेव्हा कड्यावरून सरळ खाली उडी टाकतं. बाप पाण्यात हाका मारत असतो, पुढे तोच त्याला सांभाळतो. हे संध्याकाळी अंधारताना होतं, त्या दिवसांत तिथे असाल तर परतायची घाई करू नका.

आता खालचा किनारा. भरती-ओहोटी दोनदा येते तिथे एका भरतीपासून पुढची भरती साधारण १२ तास २५ मिनिटांनी, म्हणजे रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते. म्हणून 'मागच्या रविवारी अकराला खूप तुतवार होते' याचा या रविवारी काही उपयोग नाही. ओहोटीला खडक खूप उघडे असतात आणि पक्षी सगळीकडे विखुरतात. भरती चढायला लागली की खडक कमी होत जातात आणि तुतवार, चिखल्या, टर्नस्टोन उरलेल्या खडकांवर एकत्र येतात. भरती पूर्ण व्हायच्या आधीचे दीड-दोन तास वरून बसून बघा, समुद्र स्वतः पक्षी गोळा करून देतो. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं तेव्हा तर एखाद-दुसराच खडक उरतो आणि सगळे त्यावर. वरूनच बघा असं मुद्दाम म्हणतेय, कारण भरतीला कड्याखालच्या खाचेत उतरलेला माणूस पाण्याने अडकतो, आणि विश्रांतीला बसलेला थवा उडवला तर त्याला बसायला दुसरा खडकही नसतो.

लांब समुद्राकडे बघायचं असेल तर सर्वात उंच पॉइंट निवडू नका. २५ मीटरवरून क्षितिज साधारण १८ किलोमीटरवर असतं आणि १०० मीटरवरून ३६, पण पक्षी ओळखू येतो तो फार तर दोन-तीन किलोमीटरवरचा, त्यामुळे जास्तीच्या उंचीने हाती काही लागत नाही. उलट फार वरून पक्षी पाण्याच्या गडद रंगात हरवतो आणि फार खालून लाटांच्या मागे. मला वीस-तीस मीटर बरं वाटतं. समुद्राकडून जोराचा वारा दोन दिवस वाहिल्यानंतरची सकाळ मिळाली तर एरवी खोल समुद्रात राहणारे शिअरवॉटर, स्कुआ काठाजवळून जाताना दिसू शकतात. बाकी दिवशी तासभर बसून काहीच न दिसणं हेही नेहमीचं आहे, त्याने खट्टू होऊ नका.

साठच्या आकड्याचंही सांगते. त्या याद्या तुम्ही नीट उघडून बघा, बऱ्याचदा तो आकडा पार्कचा आजवरचा एकूण असतो, शेकडो लोकांनी सगळ्या ऋतूंत भरलेला. ईबर्ड ही पक्षीनोंदींची वेबसाइट २००२ पासून सुरू आहे, त्यावर कुठला पक्षी कधी दिसतो त्याच्या महिन्याप्रमाणे पट्ट्या दिसतात, त्यात तुम्ही गेलात तो महिना बघा. तुमच्या अकरा जाती एका माणसाने भर दुपारी केलेल्या आहेत, आणि त्या खऱ्या आहेत.

पुढच्या खेपेला माझ्या मते असं करा. उजाडायच्या अर्धा तास आधी गेटपाशी, आणि गेट उशिरा उघडत असेल तर बाहेरच्या झाडीची कड चालेल. दोन तास झाडी, पण त्यातला शेवटचा पाऊण तास कड्याजवळच्या झुडपांत. रात्री पाऊस झाला असेल तर उलटं, थेट झुडपांत जा, झाडी नंतर. मग वारा समुद्राकडून असेल तर कड्याच्या टोकावर बसा, नसेल तर खाऊन घ्या आणि सावलीत आराम करा. भरतीच्या आधीचे दोन तास मात्र काहीही झालं तरी खडकांसाठी मोकळे ठेवा, ते सकाळी आले तर झाडी अर्धी करा. आणि एका दिवसात सगळं बसत नसेल तर दोन खेपा करा, घाईघाईत तिन्ही करण्यापेक्षा एका खेपेला दोनच जागा नीट केलेल्या बऱ्या.

किनाऱ्याचं तोंड कुठल्या दिशेला आहे, पुढे कुठल्या तारखेला जाताय आणि त्या दिवशी भरती किती वाजता आहे एवढं कळवलंत तर तासांचा क्रम मी बसवून देते.